आप्पांना पार्किन्सन आहे, किगाँगच्या क्लासला घालू काय? गोळ्या कमी होतात म्हणतात ते खरं काय?

वडगावची_लेक

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमचे आप्पा 68 वर्षांचे. आयुष्यभर बेळगावच्या वडगावात हातमागावर बसले, नंतर माग बंद झाल्यावर दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला जात होते. दोन वर्षं झाली पार्किन्सन निघालाय. उजवा हात थरथरतोय, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि सगळ्यात मोठा वैताग म्हणजे दारात आले की उंबऱ्यापाशीच थांबतात, पुढं पाऊलच पडत नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पडले, नशीब हाड मोडलं नाही, पण तेव्हापासनं भीतीच बसलीय त्यांना, खुर्चीतनं उठतच नाहीत, दिवसभर बसून खिडकीतनं गल्ली बघतात.

डॉक्टरांनी लेव्होडोपाच्या गोळ्या दिलेत दिवसातनं तीनदा. व्यायाम करा म्हणाले, पण कुठला ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर पन्नास जण बसलेले.

तर आमच्या शेजारच्या काकूंनी एक पत्रक आणून दिलं, टिळकवाडीत एका हॉलमध्ये किगाँगचा क्लास आहे, चिनी लोकांचा जुना व्यायाम, सगळे आजार जातात वगैरे. वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली बारीक मराठी, म्हणजे कुणाची भानगड नको. 21 दिवसांचे साडेसहा हजार. मी एक दिवस जाऊन बघून आले. पहिला अर्धा तास सगळे उभं राहून हळूहळू हात वर, हात खाली, श्वास घ्या, श्वास सोडा असं करत होते, ते बघून मलाच बरं वाटलं खरं सांगते. पण नंतर त्या मास्टरांनी एका आजोबांना खुर्चीत बसवलं आणि एक फूट लांबनं त्यांच्या अंगावरनं तळहात फिरवायला लागले. म्हणाले मी माझी ‘ची’, म्हणजे अंगातली शक्ती, यांच्यात सोडतोय, तीन महिन्यांत गोळ्या अर्ध्यावर येतात. ह्याचे एका वेळचे बाराशे, फीपेक्षा वेगळे.

दादा म्हणतो सगळं थोतांड आहे. आई म्हणते बघूया की, नवस करतो तसंच हे पण एक. मी मधल्यामधे. कुणी केलंय काय हे? खरंच काही असतं काय त्यात?

निपाणी_ते_ग्वांगझू

ताई, मी मूळचा निपाणीचा, पण आठ वर्षं ग्वांगझूत होतो, मालाची खरेदी करून इकडं पाठवायचा धंदा होता. तर थोडं बघितलंय ते सांगतो.

आधी उच्चार. ते किगाँग नव्हे, ऐकायला छी-कुंग असं येतं. इंग्रजी स्पेलिंगमुळं आपल्याकडं सगळा घोळ. छी म्हणजे श्वास, हवा, वाफ, अंगातला जीव, सगळंच त्या एका शब्दात येतं, आपण प्राण म्हणतो तसंच बघा. आणि कुंग म्हणजे मेहनत, रोज घासून घासून अंगात मुरवलेलं कसब. कुंगफूमधला कुंग तो हाच. म्हणजे नावातच मेहनत आहे. तालमीत जोर-बैठका पैलवानालाच माराव्या लागतात, वस्तादानं मारून पैलवानाची छाती भरत नाही. तसंच हे. ज्यानं त्यानं आपापलं करायचं. समोरच्यानं खुर्चीत बसवून बाराशे रुपयांत करून द्यायची गोष्टच नाही ही.

तिथं सकाळी सहाला कुठल्याबी पार्कात जावा, म्हातारी माणसं गोळा झालेली असतात. कोण झाडावर पाठ आपटतंय, कोण उलटं चालतंय, कोण पाण्यात बुडवलेल्या मोठ्या ब्रशनं फरशीवर अक्षरं काढतंय आणि ती वाळून जायच्या आत पुढची ओळ लिहितंय, आणि एका कोपऱ्यात पंधरा-वीस जण टेप लावून पा-त्वान-चिन करतायत. हा सगळ्यात सोपा प्रकार. आठ हालचाली, बारा-पंधरा मिनिटांत संपतं. फी काय? काय नाही. मागं जाऊन उभं राहायचं आणि पुढच्याचं बघून करायचं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन सत्तरीचा होता, त्यानं मला शिकवलं, बदल्यात मी त्याला चहा पाजायचो, दूध घातलेला चहा बघून तोंड वाकडं करायचा पण प्यायचा.

आणि ते हात फिरवून दुसऱ्याच्या अंगात छी सोडायचं, त्याचा तमाशा चीनमध्ये एकदा होऊन गेलाय. छीकुंग हे नाव आज ज्या अर्थानं चालतं ते तसं नवंच आहे, 1950 च्या दशकातलं. ल्यू क्वेइचन म्हणून कम्युनिस्ट पार्टीचा एक कार्यकर्ता होता, त्याचा पोटाचा अल्सर अशा श्वासाच्या व्यायामानं बरा झाला असं सांगतात, मग सरकारी सॅनेटोरियममध्ये हे शिकवायला लागले. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद. नंतर 1980 च्या दशकात परत जे उसळलं, विचारू नका, स्टेडियम भरून माणसं बसायची आणि स्टेजवरचा मास्टर भाषणातनं छी सोडायचा, खाली लोक रडतायत, लोळतायत. डोक्यावर ॲल्युमिनियमची भांडी घालून ओळीनं बसलेली माणसं आहेत फोटोत, आकाशातली छी पकडायला! शेवटी 1999 मध्ये फालुन गोंग नावाच्या छीकुंगवाल्या पंथावर बंदी आली आणि तो सगळा बाजार उठला. मग सरकारच्या क्रीडा खात्यानं चार जुने प्रकार निवडून नीट बसवून दिले, त्यात हे पा-त्वान-चिन आहे. आता लोक व्यायाम म्हणून करतात, चमत्कार म्हणून नाही. तिकडं जे शिळं झालं ते टिळकवाडीत ताजं म्हणून विकायला आलंय एवढंच.

खानापूरचे_गुरुजी

आपल्याकडे प्राणायाम, सूर्यनमस्कार असताना चिन्यांकडे कशाला जायचे हे मला कळत नाही. शिवाय ही विद्या मुळात आपलीच. बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू कांचीपुरमहून चीनला गेला आणि त्याने शाओलिन मठात भिक्षूंना व्यायाम शिकवला, हे सर्वांना माहीत आहे. मुलांना मी हेच सांगत आलो.

निपाणी_ते_ग्वांगझू

गुरुजी नमस्कार करून सांगतो, राग मानू नका. बोधिधर्माच्या नावावर जो व्यायामाचा ग्रंथ सांगतात, यी-चिन-चिंग, तो अभ्यासकांच्या मते सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्म जाऊन हजार वर्षं उलटल्यावर कुणीतरी त्याचं नाव लावलंय. आणि 1973 मध्ये छांगशा शहराजवळ मावांगत्वेईला एक थडगं खणलं, इसवी सन पूर्व 168 मध्ये बंद केलेलं. त्यात रेशमावर काढलेलं चित्र सापडलं, 44 माणसं, बाया-पुरुष, वेगवेगळे व्यायाम करतायत, कोण वाकलंय, कोण पक्ष्यागत हात पसरून उभं आहे. हे बोधिधर्माच्या सहा-सातशे वर्षं आधीचं. त्यामुळं त्यांचं त्यांना राहू द्या की. आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये तिकडं गेले ते हे कुणाचं ते कुणाचं बघत बसले नाहीत, 1942 मध्ये तिथंच वारले.

सूर्यनमस्कार चांगलाच. पण पार्किन्सनच्या माणसाला, पडायची भीती असलेल्याला, सूर्यनमस्कार घालायला लावणार काय तुम्ही?

खानापूरचे_गुरुजी

सूर्यनमस्काराचा मुद्दा मान्य. बाकीचे वाचून बघतो.

कुंदा_प्रेमी

एक फूट लांबनं हात फिरवायचे बाराशे?? ओ ताई, आमच्या रामदेव गल्लीतला न्हावी शंभरात डोकं चोळून देतोय, ते पण हात लावून!

चिकोडीची_शांता

हसण्यावारी नेऊ नका रे. आमच्या मामांचं सांगते. त्यांना शुगर, इन्सुलिन चालू होतं. असंच एका शिबिरात गेले, नाव घेत नाही, तिथल्या माणसानं सांगितलं तुमचं पॅनक्रिआ मी जागं केलंय, सुई हळूहळू सोडा. मामांनी हळूहळू पण नाही, एकदमच सोडली, कारण त्यांना ती सुई नकोच होती, कुणीतरी सोडा म्हणायची वाटच बघत होते. दीड महिन्यात पायाचा अंगठा काळा पडला. काढावा लागला. मामी अजून म्हणते व्यायाम चांगला होता गं, झोप लागायची त्यांना. असेल चांगला. पण अंगठा गेला तो गेला. तुमच्या आप्पांच्या गोळीला कुणाला हात लावू देऊ नका, पाया पडते.

फिजिओ_कॅम्प

वडगावची_लेक, मी इथंच बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सनचे पेशंट रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळीचं. लेव्होडोपा अचानक बंद किंवा अर्धी केली तर नुसती थरथर वाढत नाही, अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढू शकतो, ॲडमिट करायची वेळ येते, जिवावर बेतू शकतं. डोस कमी-जास्त करायचा तो न्यूरॉलॉजिस्टनंच. हे त्या मास्टरला माहीत नसेल तर तो अडाणी, आणि माहीत असून बोलत असेल तर मग काय बोलायचं.

आता व्यायामाचं. दादा थोतांड म्हणतोय ते निम्मं बरोबर. लांबून छी सोडून आजार बरा होतो याला काहीही पुरावा नाही. पण हालचालींचा भाग थोतांड नाही. छीकुंगचा चुलतभाऊ म्हणता येईल असा ताइची, त्यावर पार्किन्सनमध्ये चांगलं काम झालंय. 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं होतं, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 195 पेशंट घेतले, तीन गट केले, ताइची, वजनाचे व्यायाम आणि नुसतं स्ट्रेचिंग. आठवड्यातून दोनदा एक तास, असं 24 आठवडे. तोल सांभाळण्यात ताइचीवाले दोन्ही गटांपेक्षा पुढं गेले, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडणं कमी झालं. आजार गेला नाही हां. गोळ्या सगळ्यांच्या चालूच होत्या. छीकुंगवर स्वतंत्र अभ्यास आहेत, झोप, तोल, बीपी यावर थोडाफार फायदा दिसतो, पण बरेचसे अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत, त्यामुळं मी छातीठोक काही सांगणार नाही.

फायदा का होत असेल ते मात्र समजण्यासारखं आहे. पार्किन्सनमध्ये हालचाली लहान लहान होत जातात, पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज पण लहान. आणि जे आपण विचार न करता करतो, चालणं, वळणं, ते आपोआप होईनासं होतं. पा-त्वान-चिनमध्ये प्रत्येक हालचाल मोठी, हळू आणि मुद्दाम लक्ष देऊन करायची असते, वजन एका पायावरनं दुसऱ्यावर न्यायचं, छाती उघडायची, मान वळवून मागं बघायचं. नेमकं हेच आम्ही पण करून घेतो, फक्त आमच्याकडं त्याला इतकी छान नावं नाहीत.

पण आप्पांसाठी जसंच्या तसं करू नका. सहाव्या प्रकारात कमरेतून वाकून पाय धरायचे असतात, तो गाळाच. पार्किन्सनमध्ये आणि ह्या गोळ्यांनी उठताना बीपी एकदम खाली येतं, वाकून वर येताना चक्कर येऊन पडतील. पाचव्यात पाय लांब फाकवून खाली बसल्यासारखं करून डोकं आणि कंबर झुलवायची, तो पण आत्ता नको, किंवा खुर्चीत बसून नुसतं अंग डावी-उजवीकडं न्या. आठवा टाचा उचलून सोडायचा, तो खुर्चीला धरून. सातवा मात्र अजिबात चुकवू नका, त्यात मुठी आवळून डोळे मोठे वटारून समोर ठोसा मारायचा असतो. पार्किन्सनमध्ये चेहरा मुखवट्यासारखा होतो, तुम्हाला जाणवलं असेल, राग पण दिसत नाही, हसू पण दिसत नाही. त्याला हा वटारायचा व्यायाम उत्तम.

वेळ कुठली? गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं, अंग मोकळं वाटतं तेव्हा. गोळी आणि दूध-अंडी-डाळ एकदम देऊ नका, गोळी नीट लागू पडत नाही. आणि घरात कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं पाहिजे, पहिले महिनाभर तरी.

अजून एक, क्लासमध्ये डोळे मिटून तासभर पोटात उजेड फिरतोय अशी कल्पना करा वगैरे असेल तर त्यापासून लांब. ह्या गोळ्यांनी काही जणांना भास होतात आधीच. आणि छीकुंगच्या अतिरेकानं मन बिघडल्याच्या केसेस चीनमध्ये इतक्या झाल्या की अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या मनाच्या आजारांच्या पुस्तकात, डीएसएम-4 मध्ये, 1994 ला, त्याची वेगळी नोंद आहे. हालचाल आणि साधा हळू श्वास, एवढंच आपल्याला पाहिजे.

उंबऱ्याचं राहिलंच. उंबऱ्याच्या अलीकडं फरशीवर रंगीत टेपच्या तीन-चार आडव्या पट्ट्या मारा, एका पावलाच्या अंतरानं. त्यांना सांगा उंबरा ओलांडू नका, पट्टी ओलांडा. बघा काय होतं ते.

कुंदा_प्रेमी

मॅडम हे मस्त लिवलंय. आमच्या आजोबांना पण सांगतो, त्यांना काय झालेलं नाही पण डोळे वटारायचा व्यायाम ते जन्मभर करूलालेत.

वडगावची_लेक

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, पाच आठवडे झाले. क्लासला घातलं नाही. शांताताईंचं आईला वाचून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, उठून गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

पट्ट्या मारल्या. पिवळा टेप मिळाला. पहिल्या दिवशी आप्पा अर्धा मिनिट बघत उभे राहिले आणि मग खरंच पाय उचलला! रोज होतंच असं नाही, घाईत असले की अजून अडकतात, पण आधीसारखं नाही.

मग मोबाईलवर व्हिडिओ लावून ते पा-त्वान-चिन चालू केलं. आधी ऐकेनात. हे काय बायकांसारखं हात हलवायचं म्हणे. मग निपाणीच्या दादांना मी मेसेज करून नावाचा अर्थ विचारला होता, तो सांगितला, की चिन म्हणजे जरीकामाचं रेशमी कापड आणि पा-त्वान म्हणजे त्याचे आठ तुकडे. हे ऐकून आप्पा एकदम ताठ झाले. कसलं कापड, जर खरी काय, विणणारा कोण, असले प्रश्न. मी म्हटलं मला काय माहीत. म्हणाले, मग आठ तुकडे म्हणजे काय मोठं, आम्ही एका मागावर किती उतरवलेत.

आणि दुसरा प्रकार आला, धनुष्य ओढायचा, एक हात लांब करून बोट वर आणि दुसरा कोपर मागं खेचायचा, तर ते थांबलेच. म्हणाले हे तर दोरी ओढून धोटा सोडल्यागत हाय. आणि मग जे चालू झाले, ठेक्यात, तोंडानं मागाचा आवाज काढत, खट-खटाक खट-खटाक, आईला स्वयंपाकघरातनं बाहेर यावं लागलं. उजवा हात तेवढा वेळ थरथरला नाही असं मला वाटलं, आईला पण वाटलं, दादा म्हणतो तुम्हाला वाटायचंच होतं म्हणून वाटलं. फिजिओ मॅडम, दादाला काय सांगू?

बाकी सहावा गाळलाय, पाचवा खुर्चीत बसून करतात. सातव्याला मुठी आवळून आईकडंच बघून डोळे वटारतात, मुद्दाम. ती म्हणते चाळीस वर्षं वटारले तेवढे पुरे झाले नाहीत काय. पण हसते. फीचे पैसे वाचले त्यातनं न्हाणीत स्टीलची दांडी बसवून घेतली.

एकच विचारायचं होतं, आठव्याला टाचा उचलताना खुर्ची एका हातानं धरली तर चालते काय? आप्पा म्हणतात दोन हातानं धरायला मी काय म्हातारा झालोय काय.

फिजिओ_कॅम्प

दादाला सांगा, सवयीची, ठेक्यातली, मुद्दाम केलेली हालचाल चालू असताना त्या हाताची थरथर कमी होते, ती मुख्यतः हात स्वस्थ असताना दिसते. त्यामुळं तुम्हाला दिसलं ते खरंच दिसलं असेल. पण हात मांडीवर ठेवला की परत चालू होईल, तेव्हा निराश होऊ नका. मागाचा ठेका मात्र सोडू नका, चालताना पण तोच आवाज काढू द्या त्यांना, ठेक्यावर पाऊल चांगलं पडतं.

खुर्ची दोन्ही हातांनी. पाठीमागं भिंत पाहिजे, आणि खुर्ची प्लास्टिकची नको, लाकडी जड.

वडगावची_लेक

लाकडी एकच आहे घरात, मागावर बसायची त्यांची जुनी. तीच आणते माळ्यावरनं.